आधी आत्या खेळणार!

मित्रांनो, टॅबलेट म्हटलं की वडीलधारी मंडळी पाण्याचा पेला शोधू लागतात. मी ती गोळी नव्हे. मी पाटीएवढा, काचेच्या तोंडाचा एक जुना टॅब आहे. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि बॅटरीला जिना चढलेल्या म्हाताऱ्यासारखी धाप लागते. पण एका बाईचं कौतुक केल्याशिवाय मला निवृत्त व्हायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी चोर दिसल्यासारखी धावपळ होई. तिथून मी दुकानात आलो आणि दुकानातून एका जलतरण तलावावर. तिथे मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. खणखणीत आवाज, उन्हाने रापलेले खांदे, केस कायम ओले. पुढे मी त्यांच्या घरी राहायला गेलो. तिथली पोर त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

तलावावरचे माझे दिवस मानाचे होते. पारदर्शक पिशवीत घालून आत्या मला काठावर धरी आणि पोहणाऱ्या मुलांचं चित्रीकरण करी. मग त्यांना दाखवी, "बघ, गुडघे किती वाकतायत! सायकल चालवतोयस की पोहतोयस?" पाण्याला घाबरणारी एक मुलगी माझ्या काचेत स्वतःला तरंगताना पाहून ओरडली होती, "ही मी आहे?" तेव्हा मला फार धन्य वाटलं होतं.

पण नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनाच असतात. तलावावर नवा, हलका टॅब आला आणि माझी रवानगी कचेरीतल्या खणात झाली. तिथे पट्टा तुटलेले चष्मे आणि मुक्या झालेल्या शिट्ट्या माझ्या सोबतीला होत्या. माझं आयुष्य संपलं, असंच मी धरून चाललो होतो. तेवढ्यात भिंगरीचा पाय मोडला.

भिंगरी म्हणजे आत्याची भाची, धाकट्या भावाची मुलगी. वय वर्षं नऊ. एका जागी दोन क्षण बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिची आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तेव्हापासून आत्या भावाच्याच घरी राहत होती. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे कोण अडकलं की निघाले, असा त्यांचा दिवस जाई. घरात आईचा विषय कुणी काढत नसे. भिंगरी तर मुळीच नाही.

जिन्याच्या कठड्यावरून घसरताना ती पडली आणि मांडीपर्यंत प्लास्टर आलं. धावणारं पोर खाटेला खिळलं. चित्रं काढून झाली, कोडी सोडवून झाली, मग तिने भिंतीकडे तोंड करून बोलणंच सोडलं. आत्याने कचेरीत विचारून मला मागून घेतलं, पुसून लख्ख केलं आणि म्हणाली, "चल म्हाताऱ्या, काम आहे."

ऑनलाइन दुकानात गेमचा नुसता पूर आलेला असतो. आत्याने घाईघाईत पहिलाच दिसला तो उतरवून घेतला. चित्रावर गुबगुबीत ससा होता. खाली भरपूर चांदण्या होत्या आणि 'मोफत' असं लिहिलं होतं. लहान मुलांना याहून चांगलं काय असणार? भिंगरी सशाला गाजर भरवू लागली, हसू लागली. आत्या निर्धास्त होऊन तलावावर गेली.

पण तो ससा गोड नव्हता, लबाड होता. खेळ बंद केला की तो निरोप धाडी, 'मी उपाशी आहे. तू मला सोडून गेलीस?' भिंगरी जेवताना दचके, झोपेतून उठे. एका दुपारी मी कपाटावर चार्जिंगला होतो. बाबा स्वयंपाकघरात होते. माझ्या काचेवर रडका ससा उमटला, 'लवकर ये, नाहीतर मी मरेन.' टुणकन आवाज झाला आणि पोर एका पायावर खाटेवरून उतरलं. "थांब, थांब, मी आले!" म्हणत तिने दोन उड्या मारल्या आणि ती धाडकन खाली पडली.

नशिबाने हाड पुन्हा सरकलं नाही. पण प्लास्टर तडकलं, ते नव्याने घालावं लागलं. घरी आल्यावर बाबांनी मला उचललं. "ताई, हे आधी भंगारात दे. पोरीचा जीव घेईल एखाद दिवशी!"

माझी तर बोबडीच वळली. आत्या शांतपणे म्हणाली, "नाकातोंडात पाणी गेलं म्हणून कुणी तलाव बुजवत नाही रे. नवशिक्या पोराला पाण्यात सोडायच्या आधी मी स्वतः उतरून बघते. इथे मी काठावरूनच ढकलून दिलं."

"मग आता काय, तू गेम खेळणार?"

"हो. आधी आत्या खेळणार!"

आणि मित्रांनो, ती खरंच खेळली. दुपारच्या सुट्टीत ती चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे. आधी तिने माझ्यावर भिंगरीच्या नावाने वेगळं खातं उघडलं आणि तिचं खरं वय घातलं. त्यासरशी दुकानातले निम्मे गेम गळून पडले. मग प्रत्येक गेमच्या चित्राशेजारचा वयाचा आकडा ती वाचू लागली. आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलंही वाचू लागली: खेळताना आत काही विकत घ्यावं लागतं का, अनोळखी माणसं निरोप पाठवू शकतात का. कौतुकाचे अभिप्राय ती सोडून देई आणि कुरकुर करणाऱ्या आईबापांचे मन लावून वाची. "दुखणं कुठे आहे ते रडणाराच सांगतो," असं तिचं म्हणणं.

तिचं खेळणं मात्र बघण्यासारखं होतं. पाण्यात माशासारखी फिरणारी ही बाई गेममध्ये सरळ भिंतीवर आपटे. "अगं, उजवीकडे! उजवीकडे, बये!" असं ती स्वतःलाच ओरडे. खाटेवरून भिंगरी खदखदून हसे आणि म्हणे, "आत्या, तुला आधी प्लास्टर घालायला हवं!"

शेवटी तिला एक गोगलगाय सापडली. बागेतल्या किड्यामुंग्यांना पत्रं पोचवणारी. तिला घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. खेळ अर्ध्यात बंद केला तरी ती शंखात शिरून झोपे आणि उठवली की तिथूनच पुढे चालू लागे. भिंगरीसारख्या वादळाला ती गोगलगाय आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पण पोर रमलं. "आत्या, बिचारीलापण पटकन चालता येत नाही," ती म्हणाली.

एक गेम मात्र आत्याने स्वतः पुरा खेळूनही भिंगरीला दिला नाही. घरट्यातून पडलेलं एक पिल्लू आईला शोधत जंगलभर फिरतं, असा तो खेळ होता. वयाचा आकडा योग्य, भांडण नाही, रक्त नाही, चित्रं तर डोळ्यांचं पारणं फेडणारी. शेवटाला पोचल्यावर आत्याने चष्मा काढला आणि शेगडीवर काही नसताना बराच वेळ गॅस चालू राहिला तरी तिला कळलं नाही.

तो गेम भिंगरीला दिसलाच. "आत्या, हे पिल्लू मला का नाही दिलंस? माझ्या वयाचंच आहे की."

दुसरं कुणी असतं तर थाप मारली असती. आत्या खाटेवर बसली. "आकडा तुझ्याच वयाचा आहे. पण त्यात पिल्लाची आई शेवटपर्यंत सापडत नाही. तुला ते झेपेल की नाही, हे दुकानाला कसं कळणार? खरं सांगू, मलाही कळेना."

भिंगरी प्लास्टरवरची रेघ नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "मी खेळते. पण तू इथेच बस."

आत्या बसली. थोड्या वेळाने बाबा कामावरून आले आणि दारातच थांबले. भिंगरीने न बघताच त्यांना खूण केली, तेही हात न धुता येऊन टेकले. पिल्लू फांदीफांदीवर शोधत गेलं. शेवटी ते आईच्या रिकाम्या घरट्यात पोचलं, पंख पसरले आणि एकटंच उडालं. माझी काच काळी झाली. तीत तीन चेहरे एकमेकांना चिकटलेले दिसत होते.

"आई मला उडायला शिकवताना मागे उभी राहायची," भिंगरी म्हणाली. "झोपाळ्यावर. आठवतं का बाबा?"

बाबा आणखी जवळ सरकले. म्हणाले, "आठवतं. तू 'अजून वर' म्हणायचीस आणि ती घाबरून मलाच बोलावायची."

त्या संध्याकाळी त्या घरात आईच्या गोष्टी निघाल्या त्या थांबेचनात. कुणी रडलं, कुणी हसलं. मी मांडीवर पडून ऐकत होतो. कित्येक पोहणारी मुलं पाहिली मी, पण एवढ्या खोल पाण्यातून तिघांनी मिळून काठ गाठलेला तेव्हाच पाहिला.

आता भिंगरीचा पाय बरा आहे. ती पुन्हा भिरभिरते आणि मी फडताळात विसावलो आहे. शेजारपाजारचे आईबाप आत्याला गेमची नावं विचारायला येतात. आत्या त्यांना म्हणते, "नाव सांगते, पण आधी तुम्ही खेळा. आपटलात तर हसायला पोरं आहेतच."

मित्रांनो, तुमच्याजवळही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला ओल्या हातांनी धरू नका, उशीखाली कोंडू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. दुकानातल्या गोड चित्राला भुलू नका. आपलं वय खरं सांगा. एखादा खेळ घाबरवू लागला, रडवू लागला, जेवणाखाण्यातून उठवू लागला, तर ते मनात दाबून ठेवू नका. घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. त्याला खेळता येत नसेल, तो भिंतीवर आपटेल, तुमचा डाव घालवेल. घालवू दे. तुम्ही फक्त जरा सरका आणि त्याला बसायला जागा करून द्या.