ओदीलच्या बोटीतला बाण

बाण सोडायला जावयाला एवढा वेळ का लागतो, हे ओदील व्हेरेला काही केल्या कळत नव्हतं. माणूस धनुष्य ताणतो, पाण्यात बघतो, बघतच राहतो आणि मग मुकाट धनुष्य खाली घेतो. जसा काही दुकानात शर्ट निवडतोय. कोरीनने हा वेस्ली डॅलसहून आणला, तेव्हाच ओदीलने पोरीला सुनावलं होतं, “उंची आहे, दात बरे आहेत, पण हात चालतात का ते विचार.”

रविवारी नातवाचा बाप्तिस्मा होता. बाप्तिस्म्याला ‘गार’ नावाच्या माशाचे वडे नसतील तर व्हेरेंच्या घरी लोक जेवून जातात, पण जन्मभर बोलून दाखवतात. वसंतातलं पुराचं पाणी सायप्रसच्या झाडांत शिरलं होतं, सुसरीच्या तोंडाचे ते लांबलचक मासे गवतात येऊन लोळत होते, आणि जावई दोन दिवस रिकाम्या हाताने परतला होता. म्हणून तिसऱ्या सकाळी ओदील स्वतः बोटीत चढली.

बोट तिच्या नवऱ्याची. आल्सीदने आपल्या हाताने फळ्या तासून बनवलेली, सपाट बुडाची. आल्सीद गेला, बोट राहिली. तीही जाता जाता वाचली होती, कारण गेल्या महिन्यात भाचा डर्विन तिच्यातून बाणाने बास मासा मारून बसला होता. गार मारा, कार्प मारा, धनुष्याने चालतं. बास मात्र गळानेच धरायचा. गळाचा मासा चुकला तर परत सोडता येतो, बाण आरपार गेलेला काय सोडणार? मासेमारीच्या सरकारी रखवालदाराने, पेल्तिएने, दंड केला आणि बजावलं, “मिस ओदील, या बोटीत पुन्हा असा मासा सापडला तर बोट जप्त होईल. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही.”

“मी रडते तेव्हा लोक लांब पळतात,” ती म्हणाली होती. पण त्या रात्री ती जेवली नव्हती.

ओदील मागे उभी राहून बांबूने बोट ढकलत होती. वेस्ली पुढे. त्याच्या धनुष्याला दोन चाकं, बाणाला बांधलेला दोरा गुंडाळायची बाटली आणि डोळ्यावर पाण्याची चमक मारणारा तपकिरी चष्मा.

“जावईबापू, आल्सीदकडे नुसती काठी आणि दोरी होती.”

“हो, आई.”

“आणि तो मासे आणायचा.”

“हो, आई.”

एका झाडाच्या मुळांशी तिला काळी सावली दिसली. रुंद, गप्प, जागची न हलणारी.

“तो बघा. खाली धरा, पाण्यात मासा असतो त्याहून वर दिसतो. सोडा.”

वेस्ली बघत राहिला.

“अहो, सोडा म्हणते ना. त्याला म्हातारपण येईल.”

बाण सुटला. पाणी ढवळून काळं झालं, दोरा सरसर धावला आणि बोटीला हिसका बसला. त्याच क्षणी झाडांमागून इंजिनाची घरघर आली. पेल्तिए.

आणि तेव्हा ओदीलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वसंतात, मुळांशी, जागचा न हलणारा रुंद मासा. अंडी राखत बसलेला बास. हे तिला चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनेच ओरडून बाण सोडायला लावला. तिचा हात बोटीच्या काठावर गेला, आल्सीदने गुळगुळीत केलेल्या लाकडावर, आणि तिथेच राहिला.

“काय लागलं, मिस ओदील?” पेल्तिएने बोट शेजारी लावली.

ओदीलने बोटीचा काठ आणखी घट्ट धरला.

वेस्लीने दोरा हातावर गुंडाळत ओढला. आधी चोच आली, मग दात, मग चिलखतासारखी खवलं. पुरुषभर लांब गार.

पेल्तिएने मासा पाहिला, वेस्लीचा परवाना पाहिला, बोटीत वाकून बघितलं. “बास वगैरे नाही ना?”

“मुळांशी आहे एक,” वेस्ली म्हणाला. “अंड्यांवर बसलाय. शेपटी हलवत होता. आई त्याच्याकडेच बोट दाखवत होत्या, मी त्याच्या मागचा घेतला.”

पेल्तिए तोंड फिरवून हसला. “बाप्तिस्म्याला बोलवा, मिस ओदील,” म्हणाला आणि निघून गेला.

ओदील फळीवर खाली बसली. छाती भरून श्वास घेतला, दोनदा घेतला. पाण्याला सकाळी एवढा चांगला वास येतो, हे तिच्या ध्यानात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. वेस्ली मासा बोटीत घेऊन उभा होता, बोलणी खायच्या तयारीने.

“जावईबापू,” ती म्हणाली, “आजपासून ही बोट तुम्ही न्यायची. डर्विनला हात लावू द्यायचा नाही. आणि मी बाण सोडा म्हणाले, तर तेवढं माझं ऐकायचं नाही. बाकी सगळं ऐकायचं.”