माझ्या पाठीवरची ओळ

बोटभर रुंदीची, निळ्या फुलांची कागदी चिकटपट्टी मी. मला कात्री लागत नाही, हातानेच फाटते. एका गुंडाळीतून सुटले आणि वीतभर जागा माझ्या वाट्याला आली. ती जागा म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मापांच्या वहीचा पुठ्ठा.

वहीची आतली पाने गिऱ्हाइकांची होती. लेकीची मापे मात्र बाई बाहेर पुठ्ठ्यावरच, पेन्सिलीने लिहीत. घरच्या माणसासाठी पान उलटावे लागू नये, असे त्यांचे म्हणणे. चौदा वर्षांच्या लेकीला ते रुचेना. एका दुपारी तिने मला आणि माझ्या दोन बहिणींना पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले, नखाने कडा दाबल्या आणि वही आईपुढे धरली.

"छान झालीय गं. पण तुझी मापं झाकलीस की."

"मुद्दामच. येणारी प्रत्येक बाई माझी कंबर वाचते."

"कंबर आहे कुठे तुला? नुसती काठी." बाई हसल्या. "राहू दे. झाकलंस, खोडलं तर नाहीस."

पुढे तेरा वर्षे मी त्या हातांत वावरले. काम सुरू करण्यापूर्वी बाई डोळे मिटून क्षणभर वहीवर तळहात ठेवीत. तो स्पर्श मला पूजेसारखा वाटे. मूर्ती माझ्याखाली आहे आणि मी केवळ पडदा, हे मी कधी विसरले नाही.

मग तो तळहात येईनासा झाला. बाई गेल्या. त्यांच्या यंत्रावर आता लेक बसते. आईचे अक्षर तिला आतल्या पानापानांवर सापडे. पण ते परक्यांसाठी लिहिलेले. तिच्यासाठी लिहिलेले तेवढे माझ्याखाली होते. ती रोज माझी कड नखाने उचली आणि पुन्हा दाबून टाकी.

काज-बटणे करायला येणारी तिची मावशी एक दिवस म्हणाली, "काढ की एकदाची. किती दिवस कुरवाळत बसणार?"

"पेन्सिलीचं आहे, मावशी. पट्टीबरोबर निघून आलं तर?"

"इस्त्री धर लांबून. गोंद सैल पडेल."

ऊब लागली. माझ्या दोघी बहिणी अलगद सुटल्या आणि उंची, खांदा, कंबर जागच्या जागी उजळली. मी मात्र जुनी हट्टी. जपून सुटायचे ठरवूनही शेवटची ओळ माझ्या पाठीला चिकटून आली. पुठ्ठा कोरा राहिला. लेकीचा चेहरा उतरला.

"उलटी दिसतात गं अक्षरं. लागत नाहीत."

"पाठीकडून काय बघतेस? फुलांकडून बघ, उजेडात धर."

तिने मला खिडकीशी धरले. माझ्या फुलांमधून ओळ सरळ झाली: 'माया तीन बोटं.'

कपडा पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला या कामात माया म्हणतात.

"तीन?" मावशीने सुई खाली ठेवली. "गिऱ्हाइकाला अर्धं बोट सोडताना जीव जायचा तिचा."

किती तरी वेळ लेकीने मला तसेच धरून ठेवले.

आता मी यंत्रासमोरच्या काचेवर आहे. त्या पुठ्ठ्याची, त्या तळहाताची ओढ अजून सुटत नाही. उन्हाने माझा निळा रंग विटत चालला आहे. विटो बापडा, पडद्याने विरळ व्हावे, एवढेच देवाजवळ मागणे. पेन्सिलीला ऊन बाधत नाही.

गोंद मात्र थोडाच उरला आहे. एखाद्या सकाळी मी खाली चिंध्यांत गळून पडेन. केर काढणाऱ्या हाता, मला सुपलीत भरण्याआधी एकदा उजेडाकडे धर.