करंगळीचा विमा

समोर तयार फर्निचरचं दुकान उघडलं आणि सुताराचा धंदा बसला. लोक खुर्च्या-कपाटं खोक्यांतून घरी नेऊ लागले. आठवडेच्या आठवडे करवतीला लाकूड लागेना. मालकानं गाळा रिकामा करायला सांगितलं होतं, आणि बायकोला यातलं अजून काहीच ठाऊक नव्हतं.

अशात मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, विमा विकणारा. जिभेवर साखर ठेवूनच फिरायचा.

"भाऊजी, तुमची पॉलिसी मीच काढलीय. काम करताना बोट गेलं तर कंपनी पैसे देते. डावी करंगळी घ्या. तिचा तसा उपयोग काय?"

सुतारानं करंगळीकडे पाहिलं. आजवर तिच्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"दुखेल रे."

"उपाशी पोटही दुखतंच की."

सुट्टीच्या दिवशी गाळ्याचं शटर अर्धं ओढून दोघं करवतीपाशी उभे राहिले. चकती गरगर फिरू लागली. सुतारानं हात पुढे नेला, मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. जन्मभर बोटं सांभाळत काम केलेलं; हात ऐकेचना.

"अहो, एवढं काय त्यात?" मेव्हण्यानं त्याला बाजूला सारलं. "फळी अशी धरायची, मान तिकडे वळवायची, आणि..."

मान त्यानं खरंच वळवली.

रिक्षात मेव्हण्याचा हात टॉवेलात गुंडाळलेला आणि तोंड पांढरंफटक. त्याची करंगळी सुताराच्या खिशात, रुमालात.

"धीर धर. तुझीही पॉलिसी असेलच ना," सुतार म्हणाला.

मेव्हण्यानं नजर रिक्षाबाहेर वळवली. "लोकांच्या काढता काढता माझी राहूनच गेली," तो पुटपुटला. मग सुताराची बाही धरून म्हणाला, "भाऊजी, दवाखान्याचा खर्च कुठून आणायचा? मला सोडा आणि परत जाऊन तुमचं तेवढं उरका."

मेव्हण्याला आणि रुमालातली करंगळी दवाखान्यात सोपवून सुतार परत गेला. चकतीवरचं रक्त पुसून त्यानं बटण दाबलं, डोळे मिटले, हात पुढे केला. कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. शेवटी बटण बंद करून फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

करंगळी काही जोडली गेली नाही. दवाखान्यापायी करवत विकली, गाळा सुटला. सुतार दुसऱ्याच्या कारखान्यात फळ्या घासायला जाऊ लागला. बायकोला एवढंच सांगितलं होतं, भाऊ मदतीला आला आणि अपघात झाला. तिनं भावाला घरीच ठेवून घेतलं. पलंग त्याला, सुतार जमिनीवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा जेवताना ती म्हणाली, "तुमच्यासाठी बोट गमावलं त्यानं. आणि तुम्ही त्याच्याशी धड बोलतसुद्धा नाही."

मेव्हण्यानं मान वर केली नाही.

"वाढ त्याला अजून," सुतार म्हणाला.