पायाखालचा माणूस

हलत्या देखाव्यासाठी वायपरची मोटर जुन्या गाडीतून काढावी. नवी मोटर फार वेगानं हात हलवते, देव घाईत असल्यासारखा दिसतो.

*

फेब्रुवारी १८९८. हवानाच्या बंदरात अमेरिकेचं लढाऊ जहाज फुटलं. अडीचशेहून जास्त खलाशी मेले. कशानं फुटलं ते आजही नक्की सांगता येत नाही. वर्तमानपत्रांना मात्र लगेच कळलं होतं.

*

वॉलनट ब्राऊन रंग, मॅट. दुकानातल्या मुलानं विचारलं, घरामागच्या लाकडी डेकसाठी का? शशिकांत म्हणाला, नाही, अंगासाठी.

*

आम्ही फोर्थ ऑफ जुलैला येतोय. दोघं. — नीना

*

महिषासुराची शिंगं करवतीनं कापली तेव्हा आतून पांढरा थर्माकोल निघाला आणि गॅरेजभर उडाला.

*

न्यू जर्सीतल्या त्या गावानं अमेरिकेच्या अडीचशेव्या वाढदिवसाला परेड काढायची ठरवली. प्रत्येक संस्थेला इतिहासातला एक प्रसंग चिठ्ठी काढून दिला. इटालियन क्लबला चंद्रावरचं पाऊल मिळालं. फायर ब्रिगेडला स्वातंत्र्याची घंटा. मराठी मंडळाच्या चिठ्ठीत होतं: १८९८, आपण महासत्ता झालो.

मंडळाचा अध्यक्ष मनोहर. गावच्या पार्कात दहा दिवसांचा गणपती बसवायची परवानगी तो सहा वर्षं मागत होता आणि सहा वर्षं त्याला दीड दिवस मिळत होता. चिठ्ठी वाचून तो खूश झाला. म्हणाला, बघा, आपल्याला युद्ध दिलंय. कुणाला पाय दिला, कुणाला घंटा, आपल्याला अख्खं युद्ध.

चित्ररथाचं काम शशिकांतकडे जाणार हे सांगायला नको. दिवसा तो एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. उरलेला वेळ तो पुण्यातल्या पेठेत लहानपणी पाहिलेले हलते देखावे गॅरेजमध्ये पुन्हा करत असतो. निवेदन शैलजाकडे. शैलजा मनोहरची बायको, शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक तिच्याच हातात असतो, आवाज चांगला आहे म्हणून.

पण शैलजाच्या डोक्यात १८९८ नव्हतं. तिच्या डोक्यात तो दोन ओळींचा मेसेज होता. तिच्या मुलीनं, नीनानं, दोन वर्षांपूर्वी जोएलशी लग्न केलं. जोएल पिट्सबर्गच्या शाळेत गणित शिकवतो. त्याची आई फिलिपिन्समधल्या समार बेटावरची. मनोहर लग्नाला गेला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. गोरा असता तर गेला असता. तेव्हापासून नीना घरी आली नव्हती. आता ती येत होती, नवऱ्याला घेऊन. शैलजाला चार पानं मांडायची होती. बाकी तिला त्या दिवसाकडून काही नको होतं.

*

निवेदन, पहिला मसुदा.

तेव्हा हा देश तरुण होता. आरमार लहान होतं, युरोपातले राजे त्याला हिशेबात धरत नसत. क्यूबाला स्पेनपासून सोडवायचं असं म्हणून तो युद्धात उतरला. मनिलाच्या उपसागरात एका सकाळीत स्पेनचं आरमार बुडालं. उन्हाळा संपायच्या आत युद्ध संपलं आणि वर्षाअखेर पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स या देशाच्या नावावर झाले. फिलिपिनो लोकांनी त्याआधीच आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. मग त्यांच्याशी युद्ध झालं, ते तीन वर्षांहून जास्त चाललं. सैनिक माणसाला आडवं पाडून, तोंड उघडून, पोट फुगेपर्यंत पाणी ओतत. लाखांनी माणसं मेली, बरीचशी भुकेनं आणि कॉलऱ्यानं. त्यानंतर कुणीच या देशाला लहान म्हटलं नाही.

दुसरा मसुदा.

परेड कमिटीच्या बाईंनी अतिशय गोड शब्दांत कळवलं की लहान मुलं असतात, पाण्याचं नको. आकडेही नकोत. तीन वर्षांचं युद्ध हा वेगळा प्रसंग आहे, तो चिठ्ठीत नाही.

तिसरा मसुदा.

तेव्हा हा देश तरुण होता. एका सकाळीत त्यानं एक जुनं साम्राज्य बुडवलं. दूरच्या बेटांवरच्या लोकांनी हात हलवून त्याचे आभार मानले. जग उठून उभं राहिलं आणि बघत राहिलं.

मनोहरनं वाचून मान डोलावली. आता कसं सुटसुटीत झालं, म्हणाला.

*

आभार मानणारा माणूस कुठून आणायचा? शशिकांतच्या गॅरेजमध्ये दोन वर्षांपूर्वीचा महिषासुरमर्दिनीचा देखावा गुंडाळून ठेवला होता. अंकल सॅमसाठी, म्हणजे अमेरिकेच्या उंच टोपीवाल्या प्रतीकासाठी, देवीचं धड वापरावं असं कुणी तरी सुचवलं, तर शशिकांतनं कानाला हात लावले. देवीला हात लावायचा नाही. राक्षसाचं काय, राक्षस कुणाचाही होतो.

शिंगं गेली. मिशा खरवडल्या. कंबरेला पंचा होता तो तसाच राहिला, वर गवती टोपी आली. काळा रंग जाऊन वॉलनट ब्राऊन आला.

अडचण एकच होती. तो माणूस उभा राहीना. मुळातच तो पाठीवर पडलेला, गुडघे दुमडलेला, एक हात वर केलेला, असा घडवला होता. छातीत पावलाच्या मापाचा खळगा होता. शशिकांतनं त्याला उभा करून पाहिला, खुर्चीत बसवून पाहिला. शेवटी तो होता तसाच ट्रेलरवर ठेवला आणि अंकल सॅमचा बूट खळग्यात बसवला. अगदी चपखल बसला. मग सुळे भरून काढून तिथे हसू रंगवलं आणि वर केलेल्या हाताच्या मनगटात दुसरी मोटर घातली, म्हणजे हात हलेल. अंकल सॅमच्या हातात झेंडा, तोही खालीवर.

म्हणजे एक माणूस दुसऱ्याच्या छातीवर पाय देऊन उभा, आणि खालचा हसून टाटा करतोय.

झूमवर सगळ्यांना फोटो दाखवला. सतरा घरं होती. वा, वा झालं. फक्त आसावरी नावाची मुलगी, नागपूरची, दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी आलेली, म्हणाली की हे बरं दिसत नाही. मनोहर हसला. म्हणाला, अगं, तो पाय ठेवलेला नाही, स्पेनपासून वाचवतोय त्याला. तिनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की तू व्हिसावर आहेस, तू या भानगडीत पडू नकोस, तुझ्याच भल्यासाठी सांगतो. तिचा चौकोन काळा झाला.

शैलजा त्याच खोलीत, मनोहरच्या शेजारी बसली होती. ती उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

कमिटीच्या बाईंनी फोटोखाली तीन हृदयं पाठवली.

*

चार जुलै, सकाळ. हायस्कूलचं पार्किंग. ऊन आत्तापासूनच अंगाला चिकटत होतं. ट्रेलरवर चढवताना खालच्या माणसाचा पुतळा हातातून सुटला आणि त्याची मान मोडली. खांदाही गेला. शशिकांत मोडकी मान मांडीवर घेऊन डांबरावर बसला. परेड सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि अंकल सॅम हवेत पाय धरून उभा होता.

नीना आणि जोएल तेवढ्यात आले. नीनानं आईला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही. बापाकडे पाहून हाय केलं. मग गाडी दुसऱ्या लॉटमध्ये लावायला गेली, कारण इथे फक्त चित्ररथांना जागा होती.

ती गेली आणि जोएलचं नाव निघालं.

मनोहर त्याच्याकडे चालत गेला. जावयाशी तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला ते असं: तू जरा झोपशील का?

जोएलनं ट्रेलरकडे पाहिलं. बुटाकडे पाहिलं. मोडक्या, हसऱ्या, तपकिरी डोक्याकडे पाहिलं. त्याला कळलं नसेल असं म्हणायची सोय नाही. गणिताचा मास्तर आहे, शिवाय त्याला आई आहे. त्यानं सासूकडे एकदा पाहिलं. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, शर्ट काढून नीट घडी केली आणि विचारलं, डोकं कुठल्या बाजूला?

“चला, रंग वाचला,” शशिकांत म्हणाला. दोघं-तिघं हसले. वाईट माणसं नाहीत ती. कुणाच्या घरी आजारपण आलं तर डबे घेऊन धावतात.

नीना परतली तेव्हा तिचा नवरा पाठीवर पडलेला होता, छातीवर थर्माकोलचा बूट. बूट थर्माकोलचा असला तरी आतली सळई लोखंडाची होती.

“ऊठ,” ती म्हणाली.

“इट्स फाइन,” तो खालून म्हणाला. “युअर डॅड आस्क्ड.”

ती आईकडे वळली. शैलजा माइकचा आवाज तपासत होती. वन टू, वन टू.

*

मेन स्ट्रीट. खुर्च्या, कूलर, कुत्र्यांना बांधलेले निळे-लाल रुमाल. जनरेटर सुरू झाला, झेंडा खालीवर होऊ लागला. प्रत्येक झोक्याला सांगाडा थरथरायचा आणि सळई जोएलच्या बरगडीवर टेकायची. हे शैलजाला ट्रेलरच्या कडेवरून स्वच्छ दिसत होतं. पुतळ्याला मोटर होती, जोएलला नव्हती. तो हात स्वतः हलवत होता. हसतही होता.

तेव्हा हा देश तरुण होता, शैलजा वाचत होती. तिच्या आवाजात काही कमी-जास्त झालं नाही. तोच आवाज, गणपतीत अथर्वशीर्षाआधी सूचना सांगणारा, पार्किंग फक्त डाव्या बाजूला करावं. नीना फुटपाथवरून ट्रेलरच्या बरोबरीनं चालत होती. ती रस्त्याकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती.

दूरच्या बेटांवरच्या लोकांनी हात हलवून त्याचे आभार मानले.

एका लहान मुलीनं बापाच्या खांद्यावरून जोएलला उलट हात केला. टाळ्या. जग उठून उभं राहिलं आणि बघत राहिलं. लोक खरंच उठून उभे होते, पण मागून हायस्कूलचा बँड येत होता म्हणून.

वळण. पुन्हा तेच निवेदन, पहिल्यापासून. लायब्ररीच्या कोपऱ्यावर पुन्हा. बँकेसमोर पुन्हा.

*

मंडळाला कप मिळाला, ‘सर्वोत्तम सामुदायिक भावना’. महापौरांनी मनोहरशी हस्तांदोलन केलं आणि दहा दिवसांचं बघू म्हणाले.

घरी चार पानं मांडली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. मनोहरनं जोएलला आधी बसवलं. जावईबापू म्हणाला. दोन वर्षं ज्याचं नाव तोंडी आलं नव्हतं त्याच्या ताटात त्यानं स्वतः श्रीखंड वाढलं, नको म्हणताना आणखी वाढलं. खुर्चीच्या पाठीवर थोपटत म्हणाला, “सर नको रे आता. बाबा म्हण.”

“थँक यू, बाबा,” जोएल म्हणाला. पुरी उचलताना त्याचा हात छातीपाशी अडला.

मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी. हेच जास्त किळसवाणं होतं.

नीनाचं ताट तसंच होतं. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा शैलजा पुऱ्या तळत होती.

“आई, तू शेवटपर्यंत वाचलंस,” नीना मराठीत म्हणाली.

शैलजानं झारा कढईवर निथळत धरला. म्हणाली, “आता ते तुमच्याकडे येतील. दिवाळीला म्हणालेत. तुला हेच हवं होतं ना?”

नीनानं सिंकवर हात धुतले, खाल्लं नसताना, आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. जोएलनं दोघांना वाकून नमस्कार केला, वाकताना ओठ मिटले, आणि तो तिच्या मागोमाग गेला. मनोहर दारात उभा राहून गाडी वळेपर्यंत हात हलवत होता. आत येऊन म्हणाला, किती गुणी मुलगा आहे, आपण उगाच दोन वर्षं घालवली.

शैलजानं उरलेल्या पुऱ्या डब्यात भरल्या.

सकाळी मान मोडली तेव्हा जोएलचं नाव शैलजानं सुचवलं होतं.