कूलरकडं सरकणारी रांग

मला बंद असतानाच बोलता येतं. एकदा चालू झालो की माझा आवाज एवढा, की शेजारच्यांना टीव्ही वाढवावा लागतो. आत्ता लाइट गेलीय, तेवढ्यात सांगून घेतो. मी कूलर. पुंडलिकराव किराणावाल्यांचा कूलर. अल्लीपुरात एवढी ओळख पुरते.

माझा जन्म हिंगणघाटला, एका पत्राकामवाल्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यावर झाला. त्यानं मला हातोडीनं इतकं बडवलं की तेव्हापासून माझा स्वभाव जरा खडखड्या आहे. तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, टाकीत पाणी वर चढवणारा टिल्लू पंप, आणि पुढं हा भला मोठा पंखा. हल्ली ते प्लास्टिकचे गोरेगोमटे कूलर निघालेत, रिमोटवाले. त्यांच्यासमोर एक माणूस बसला की दुसऱ्याला उकडतं. मी लग्नाची अख्खी पंगत थंड केलेली आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो.

पुंडलिकरावांचं दुकान पुढं, घर मागं. उन्हाळ्यात दुपारी एक ते तीन दुकान बंद आणि मालक माझ्यासमोर खाटेवर आडवे. जेवण माझ्यासमोर, पेपर माझ्यासमोर, रात्रीची झोपही माझ्यासमोर. नऊ उन्हाळे असेच गेले. त्यांच्या मंडळी अनुसयाबाई स्वयंपाकघरात असतात. तिथवर माझा वारा पोचत नाही, मधे भिंत आहे. त्या माझ्याकडं यायच्या त्या बादली घेऊन, टाकीत पाणी टाकायला. खरं सांगतो, मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कूलर आहे मी. तोंड ज्याच्याकडं करून ठेवतात त्याला वारा देतो.

यंदा एप्रिल संपता संपता शाल्मली दुकानात आली. ती इथल्याच मास्तरांची मुलगी. नागपूरला सहा वर्षं नाच शिकून परत आलेली.

"काका, समाजभवनात पंधरा दिवस उन्हाळी नृत्य शिबिर घेऊन राह्यली मी. फुकट हाय. कोणीबी यावं, वयाची अट नाई. पण सकाळची वेळ योगवाल्यांची हाय. आपल्याले चार ते सहा भेटलं. त्या वक्ती भवनात भट्टी असते. तुमचा कूलर द्या न."

"माहा कूलर?" पुंडलिकराव असे दचकले की वाटावं हिनं त्यांची बत्तीशी मागितली.

"फ्लेक्सवर नाव टाकू न, काका. मोठ्या अक्षरात."

इथं मालक विरघळले. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. शिबिराचं नाव मध्यम अक्षरात, शाल्मलीचं बारीक, आणि खाली ठसठशीत: 'थंड हवा सौजन्य: पुंडलिकराव किराणावाले'. मालकांनी अट मात्र घातली. "साडेतीनले न्याचा, सहाले परत. एक मिनिट उशीर नाई पाह्यजे. आन आमच्या इलाले बी घ्या नाचात. घरात उड्या मारू मारू डोकं खाऊन राह्यली. तिची आजी आणून सोडत जाईन."

इला म्हणजे पुंडलिकरावांची नात, तिसरीतली, सुट्टीत पुलगावहून आलेली.

झालं. रोज साडेतीनला दुकानातले अण्णाजी हमाल मला चाकांच्या स्टँडवरून ढकलत न्यायचे. पुढं मी, मागं वायर धरून इला, तिच्यामागं पिशवी घेऊन अनुसयाबाई. लोक ओट्यावरून म्हणायचे, "निघाली बाप्पा वरात!" मला लाज वाटायची. पण मानही वाटायचा.

शिबिराला तीसेक माणसं. शाळेतल्या पोरी, दोन मास्तरीणबाई, अंगणवाडीच्या मोहिनीताई, आणि सदाशिवराव नावाचे निवृत्त तलाठी. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण एकट्यानं चालायचा कंटाळा येतो म्हणून ते नाचायला आले होते. शाल्मली कापूस वेचणीचा नाच बसवत होती. मला डाव्या खिडकीशी उभं केलेलं.

आता बघा गंमत. शाल्मली चार रांगा लावायची. ढोलकी सुरू. एक गिरकी झाली की रांग हातभर डावीकडं. दुसरी गिरकी, आणखी हातभर. नाच संपेस्तोवर तीसच्या तीस माणसं माझ्या जाळीला चिकटलेली आणि उजवीकडं अर्धं भवन ओसाड! तिनं खडूनं फरशीवर फुल्या काढल्या. माझ्या तुषारांनी त्या पुसून गेल्या.

"जागेवर राहा न वो!" ती ओरडायची.

"जागेवरच हाओ आमी," मोहिनीताई म्हणायच्या, नाक माझ्या जाळीत घालून.

सातव्या दिवशी खास वर्ग घ्यायला नागपूरहून देवेंद्र सर आले. काळा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, मोठं नाव. त्यांनी आल्या आल्या भवनाचा अंदाज घेतला आणि बरोब्बर माझ्यासमोर उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून. दोन तास तिथून हलले नाहीत. वारा पोरींना लागेना. शेवटी डोळे मिटून सर म्हणाले, "नर्तकाची ऊर्जा कुठून येते? विचार करा. कुठून येते?"

इलानं हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. सदाशिवरावांनी तिला दुजोरा दिला. सरांनी डोळे उघडले, पण जागा सोडली नाही.

अनुसयाबाईंचं सांगायचं राहिलं. त्या रोज पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसायच्या. तिसऱ्या दिवशी जोड्या लावताना इला एकटी उरली. शाल्मली म्हणाली, "आजी, या न जरा."

"मी? अवं माय! मले काय येते?"

"मले तरी कुठं येते?" सदाशिवराव म्हणाले. मग त्या उठल्या. शाल्मलीनं कापूस वेचायचा हात करून दाखवला. बोटं अशी नाजूक, मनगट असं वळवलेलं. अनुसयाबाईंनी तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, हे त फुलं तोडनं झालं. कापूस असा नाई वेचत." त्यांनी पदर खोचला, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि दोन्ही हात असे काही चालवले की ढोलकीवालाही बघत राहिला. एक हात बोंडाला, दुसरा ओटीला, पाय पुढच्या झाडाला. लग्नाआधी बापाच्या वावरात दहा वर्षं वेचला होता त्यांनी. त्या दिवसापासून शाल्मलीनं सगळ्यांना तोच हात शिकवला, आणि अनुसयाबाईंना जागा दिली मागच्या रांगेत, उजव्या टोकाच्या कोपऱ्यात. दुसरं कोणी तिथं टिकतच नव्हतं. तिथं माझा वारा नावालाही जात नाही.

पाचव्या दिवशी नाच ऐन रंगात असताना लाइट गेली. मी बंद, गाणं बंद, आणि सगळी मंडळी धूम बाहेरच्या झाडाखाली. मी म्हटलं चला, जरा विसावा. तर कोपऱ्यात कोणीतरी बोलतंय. "एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार." अनुसयाबाई! घामानं निथळत, एकट्याच नाचत होत्या. एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. नऊ वर्षं मी या बाईच्या घरात राहिलो आणि मला ती त्या दिवशी दिसली. वाईट वाटलं मला. पंखा असून काय उपयोग, असं वाटलं.

हे सगळं पुंडलिकरावांना माहीत नव्हतं. ते समजत होते, बायको पोरीला घेऊन भिंतीशी बसते. आणि एक दिवस ते आलेच की! "टाकीत पाणी हाय का पाहाले आलो," म्हणत दारात उभे. अनुसयाबाईंनी काय चपळाई केली! गिरकीतूनच भिंतीशी गेल्या, खाली बसल्या, पिशवी मांडीवर. श्वास मात्र धाप धाप.

"काऊन वं, एवढा घाम काऊन आला तुले? कूलर चालू हाय न?"

"हो. असाच आला."

पुंडलिकरावांनी माझ्याकडं रागानं पाहिलं आणि माझ्या डोक्यावर थाडकन चापट मारली. "काम नाई करून राह्यला हा!" सगळ्यांसमोर! मी निमूट सोसलं. सत्य मला माहीत होतं, पण चालू असताना मी बोलू शकत नाही, हे सांगितलंच आहे.

शेवटच्या दिवशी पटांगणात कार्यक्रम ठरला. पुढच्या सोफ्यावर मान्यवर आणि त्यांच्यात अर्थातच थंड हवावाले पुंडलिकराव. आदल्या दिवशी अनुसयाबाईंनी शाल्मलीला बाजूला घेतलं. "मी नाई येत स्टेजवर. तू मले मोकळं कर."

"काऊन, आजी? काका रागावतीन?"

"रागावले त परवडलं वं. ते हासतेत." त्या खाली बघून बोलत होत्या. "मी एकदा सायकल शिकाले घेतली होती, तवा हासले. पेपर वाचाले बसली, तवा हासले. मारलं नाई कधी, वाईट बोलले नाई. पण हासले का मंग मी ते पुन्हा करत नाई. हे बी सुटून जाईन. मले हे सोडाचं नाई."

शाल्मलीनं मान डोलावली आणि त्यांना मोकळं केलं.

कार्यक्रमाची संध्याकाळ. गाव लोटलेलं. मला सोफ्यासमोर उभं केलेलं, तोंड मान्यवरांकडं, पाठ स्टेजकडं. पण माझ्या ताट्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. मंडळी रांगेत उभी राहिली. उजवा कोपरा रिकामा. ढोलकी वाजली तरी रिकामाच. आणि मग पडद्यामागून अनुसयाबाई आल्या, पदर खोचलेला, ओटी बांधलेली, मान खाली. का आल्या? नंतर त्यांनी इलाला सांगितलं म्हणे, "जागा माही होती न वं. रिकामी दिसून राह्यली होती."

पहिली गिरकी झाली आणि रांग हातभर डावीकडं सरकली. अरे देवा! अंगात भिनलेलंच ते. पंधरा दिवस नाच बसला तो सरकण्यासकट बसला होता. दुसरी गिरकी, आणखी हातभर. भवनात डावीकडं मी होतो. इथं डावीकडं स्टेजच्या पायऱ्या होत्या. तिसऱ्या गिरकीला सदाशिवराव पहिल्या पायरीवर, मोहिनीताई सदाशिवरावांवर, मास्तरीणबाई मोहिनीताईंवर, आणि पोरी स्पीकरच्या मागं! लोक हसून हसून लोळायला लागले. पुंडलिकरावही मांडीवर थापा मारत हसत होते.

आणि मग त्यांना उजवा कोपरा दिसला. तिथं एकटी बाई होती, आपल्या जागेवर. हात बोंडाला, हात ओटीला, पाय पुढच्या झाडाला. मोठ्यानं म्हणत होती, "एक, दोन, तीन, चार! या वो इकडं सगळ्या! माह्याकडं पाहा!" आणि मंडळी कपडे झटकत आली. तिच्याकडं बघून पावलं टाकू लागली. तिच्या ओळीत रांग लागली आणि गाणं संपेपर्यंत बोटभर हलली नाही. देवेंद्र सरांना पंधरा जन्मांत जमलं नसतं.

मी पुंडलिकरावांकडं बघत होतो. त्यांची थाप मांडीवरच राहिली होती. ते हसत नव्हते. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या तेव्हा त्यांना उशिरा सुचल्या.

पटांगण रिकामं झालं. अण्णाजींनी माझी वायर गुंडाळली, स्टँड वळवलं. अनुसयाबाई इलाचा हात धरून माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. पुंडलिकराव जवळ येऊन म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी हासले असते."

"हासलो असतो," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "आज नाई हासलो मी. म्हणजे त्या तलाठ्याले हासलो. तुले नाई."

"पाह्यलं मी."

"मंग आता? संपलं हे?"

"शाल्मली म्हणते, दर रविवारी चालू ठेवू." आणि मग मान वर करून, "मी जाणार हाय."

पुंडलिकरावांनी माझ्याकडं पाहिलं. मे महिन्याचे दहा दिवस शिल्लक होते. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. नऊ उन्हाळ्यांचा आमचा संसार! त्यांनी एकदा माझ्या पत्र्यावर हात फिरवला आणि अण्णाजींना म्हणाले, "भवनात ठेवा याले."

"घरी नाई न्याचा, शेठ? आन तुमी झोपान कसे?"

"पंखा हाय न मले. ठेवा म्हणतो न!"

तर मी आता इथं असतो, समाजभवनात. ताट्या जुन्या झाल्यात, टिल्लू कुरकुरतो, पण तब्येत ठीक आहे. तुम्हीही या एखाद्या रविवारी. नाच येत नसला तर उत्तमच, इथं कोणाला येतो? फक्त टाकीत दोन बादल्या पाणी टाका आणि रांगेत उभे राहा.

पुंडलिकरावांना मी परत पाहिलेलं नाही. इला सांगते, ते दिवसातून तीनदा आंघोळ करतात. रविवारी गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, मावशी दिसत नाई?" तेव्हा ते अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्यानं सांगतात, "नाचाले गेली!" परवा एकजण हे ऐकून हसला. मालकांनी त्याला सांगितलं, तेल संपलं. त्यांच्या पाठीमागं तेलाचे चार डबे होते.