गेलेला परवा, येणारा परवा

धाराशिवला एसटी स्टँडच्या मागं चैताली मॅडमचा इंग्रजी बोलायचा क्लास. नऊ वर्षं झाली, प्रश्न तेच. सिन्स कुठं, फॉर कुठं? लर्न की टीच? माणसानं सांगावं तरी किती! त्यात व्हॉट्सअ‍ॅप. तोंडात घास असला तरी फोन वाजायचाच.

त्या दुपारी शाहीनचा मेसेज आला. परंड्याची गुणी पोरगी. सोलापूरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनची जागा तिला मिळाल्यात जमा होती. 'मॅडम, परवाला इंग्रजीत काय म्हणतात?'

मॅडम जेवून नुकत्या आडव्या झाल्या होत्या. 'डे आफ्टर टुमॉरो' एवढं लिहून त्यांनी कूस बदलली.

आता आपला परवा म्हणजे लई लबाड. मागं जातो, तसा पुढंही जातो! दवाखान्यानं विचारलं होतं, कागदपत्रं कधी दिलीत, आमच्याकडं सापडत नाहीत. शाहीन बिचारी परवाच सोलापूरला जाऊन खिडकीत देऊन आली होती. तिनं कळवलं, 'आय गिव्ह डे आफ्टर टुमॉरो.' कागदपत्रं द्यायची मुदत तर त्याच संध्याकाळी संपत होती. त्यांनी शोधायचं सोडून दिलं आणि जागा दुसरीला दिली.

शाहीननं फोनवर हे सांगितलं तशा चैताली मॅडम कळवळल्या. "गेलेला की येणारा, एवढंच विचारायचं होतं गं मला!" त्यांनी दवाखान्याला फोन लावला, मग लांबलचक मेल लिहिला. चूक माझी आहे, पोरीची न्हाय, असं दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शाहीन क्लासला आली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. उलट तीच म्हणाली, "म्याच नीट विचारलं न्हाय, मॅडम. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

तेवढ्यात मॅडमच्या मेलला दवाखान्याचं उत्तर आलं, थेट शाहीनच्या फोनवर. ती मोठ्यानं वाचायला लागली, "वुई रिग्रेट..." आणि अडखळली. "रिग्रेट म्हंजे काय ओ?"

"वाईट वाटणं."

"वाटतंय व्हय त्यांना?"

"लिहायची पद्धत असते ती," मॅडम म्हणाल्या. "त्यांना काय वाटायचंय! मला वाटतंय, शाहीन. लई वाटतंय."

शाहीननं मान खाली घालून वही उघडली. शब्द लिहिला, पुढं अर्थ लिहिला. "मॅडम, ह्याचं वाक्य कसं करायचं?"

मॅडमनं खडू घेतला. फळ्यावर 'वुई' नाही, 'आय' लिहिलं आणि त्यापुढं 'रिग्रेट'.