रिकामा आवाज

काचेपलीकडे आईने पुन्हा बटण दाबलं. इकडे यंत्रावरचा दिवा लागला.

"मी आवाज सोडलाच नव्हता," सर हळूच म्हणाले.

मुलगी त्यांच्या शेजारीच बसली होती. या अभ्यासात म्हाताऱ्या माणसांचे कान एरवी तीच तपासायची. घरच्या माणसाचं माप आपण घ्यायचं नाही, म्हणून आज यंत्रावर सर बसले होते. समोरचा खरंच ऐकून बटण दाबतो की अंदाजपंचे, हे कळावं म्हणून यंत्र मधूनच मुद्दाम गप्प बसायचं. त्याला सगळे रिकामा आवाज म्हणत. रिकाम्या आवाजावर फार वेळा बटण दाबलं गेलं, की माप बाद. मागच्या वर्षीच्या फेरीत आई एकदाही चुकली नव्हती. तेव्हा बाबा बाहेर बाकावर पेंगत बसले होते.

सरांनी दार उघडलं. "काकू, आवाज आला तरच दाबायचं हं."

"आला म्हणूनच दाबलं. तुमचं मशीनच बहिरं असेल."

"कसला आला गं?" मुलीने विचारलं.

"तुझे बाबा हाक मारायच्या आधी घसा खाकरायचे ना, तसला." आईने हेडफोन सारखा केला. "हाक काही येत नाही पुढे."

दार लागलं. सरांनी बाद करायला हात पुढे केला.

"सर, परवाचे आजोबाही असेच गाळले आपण. त्यांची बायको नुकतीच गेली होती. असं गाळत गेलो तर उरणार कोण? ज्यांचं कोणी गेलं नाही, ते. आणि आपण सांगणार, म्हातारपणी कानांना काही होत नाही."

"मग खाकरणं मोजू का मी?"

"मोजू नका. पण का गाळलं ते तरी लिहा. नुसतं बाद नको."

सरांनी चष्मा काढून पुसला. "सांग, काय लिहू?"

"पती वारले," ती म्हणाली. घरात हे अजून कोणी असं सरळ म्हटलं नव्हतं.

सरांनी लिहिलं. "बोलवू त्यांना बाहेर?"

आई मान किंचित कलती करून बसली होती, अंगठा बटणावर अधांतरी.

"बसू दे जरा."

त्या खोलीत बाहेरचं काही म्हणता काही ऐकू जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तरी तिने उठून डोक्यावरचा घरघरता पंखा बंद केला.